लहान धंद्याला दूरचा कारकून परवडतो का?



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खोडवा, पाचट, हुमणी यांविषयी लिहितो. या खेपेस विषय जरा वेगळा आहे, आणि तो आम्हांला उसाच्या फडात नव्हे तर विरारच्या एका लग्नात मिळाला. परंतु आपल्या कार्यक्षेत्रातील किती घरांची मुले आज वसई, नालासोपारा, विरार या पट्ट्यात धंदा करीत आहेत हे पाहिले तर विषय परका वाटणार नाही. कोणाचा टेम्पो आहे, कोणाचा क्लास आहे, कोणी वालीव-सातिवलीच्या बाजूस गाळा घेऊन दोन मशिने टाकली आहेत. वाटण्या होत होत जमीन दीड एकरावर आली, तेव्हा धाकट्याने मुंबईची गाडी धरली आणि मुंबईत भाडे झेपेना म्हणून तो विरारला स्थिरावला, ही गोष्ट घरोघरी आहे. त्या धंद्याचे भांडवल पुष्कळदा इथल्याच ऊसबिलातून गेलेले असते. तेव्हा तिकडे पैसा कसा खर्च होतो हे विचारण्याचा हक्क इकडच्या माणसाला आहे.

आमच्या भाच्याचा वसई पूर्वेला वालीव येथे गाळा आहे. विजेच्या पॅनेलसाठी लागणारे पत्र्याचे डबे तो तयार करतो. कापायचे एक मशीन, पत्रा वाकवायचे एक, आणि तीन कामगार. लग्नाच्या पंगतीत त्याचा फोन सारखा वाजत होता आणि तो प्रत्येक वेळी बंद करीत होता. जेवणे आटोपल्यावर म्हणाला, "मामा, एक व्हर्च्युअल असिस्टंट ठेवावी म्हणतो. रोज चार तास, महिना नऊ हजार. तुम्ही सांगा, परवडेल का?"

हा शब्द ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी सांगतो. आपल्या कचेरीत न बसता, स्वतःच्या घरून फोन आणि संगणकावर आपली कामे करणारा मदतनीस, म्हणजे व्हर्च्युअल असिस्टंट. फोन घेणे, पत्रे लिहिणे, बिले पाठविणे, उधारी मागणे, अशी ती कामे. अमेरिकेतील टिमथी फेरिस यांनी २००७ सालच्या आपल्या पुस्तकात बंगलोरच्या माणसांकडून अशी कामे करून घेतल्याची हकीगत लिहिली, आणि तेव्हापासून हा प्रकार जगभर बोलला जाऊ लागला. आम्ही त्याला सरळ दूरचा कारकून म्हणतो. तसे पाहिले तर आपण त्याला केव्हाच ओळखतो. आपल्या गटाचा स्लिप बॉय, ज्याला काही भागांत चिटबॉय म्हणतात, तो दुसरा कोण? लागणीची नोंद तो ठेवतो, तोडीची पाळी तो कळवितो, पावती तो पोहोचवितो. दीड एकराच्या सभासदाने एकट्याने त्याचा पगार द्यायचा म्हटला तर ऊस विकूनही भागणार नाही. शेकडो सभासदांत एक आहे म्हणून तो परवडतो. ही गोष्ट पुढे कामास येईल.

आम्ही कृषी पदविका घेतलेले माणूस, हिशेबनीस नव्हे. परंतु वीसेक वर्षे लोकांच्या शेतीचा ताळेबंद पाहतो आहोत, त्यामुळे भाच्याची पहिली चूक लगेच ध्यानात आली. तो म्हणाला, "महिन्याला दोन लाखांची विक्री आहे, त्यात नऊ हजार म्हणजे काय!" ही तर आपल्याकडची नेहमीची चूक. टनेज गुणिले भाव केले की शेतकऱ्याला वाटते एवढे आपले उत्पन्न. खत, पाणी, सोसायटीचे कर्ज वजा करायचे राहून जाते आणि मोटारसायकल घरी येते. आम्ही त्याला वहीचे कोरे पान काढायला लावले. दोन लाखांतून पत्रा आणि पावडर कोटिंगचे ७०,००० गेले. तिघांचा पगार ४८,०००, गाळ्याचे भाडे २५,०००, वीज ८,०००, बँकेचा हप्ता १२,०००. हाती राहिले ३७,०००, आणि त्यातच विरारचे घरभाडे, मुलांची शाळा, रेल्वेचा पास. आता नऊ हजार कशातून द्यायचे आहेत ते सांग म्हटले. तो गप्प बसला. (आकडे त्याच्याच वहीतले आहेत, आम्ही थोडे गोल केले.)

याचा अर्थ ठेवू नको असा मात्र नाही. हिशेब पुढे जायला हवा.

त्याला आम्ही पंधरा दिवसांचे एक काम दिले. पाण्याच्या पाळ्या लिहितो तशी वेळेची वही लिही. फोनवर किती वेळ गेला, दरपत्रके करण्यात किती, बिले आणि वसुलीत किती, जीएसटीसाठी कागद जुळवून कर सल्लागाराला देण्यात किती. आणि शेवटच्या पानावर, वेळ नाही म्हणून परत पाठविलेली कामे. हे शेवटचे पान सर्वांत महत्त्वाचे आहे आणि तेच कोणी लिहीत नाही.

पंधरवड्याने त्याने फोनवर वही वाचून दाखविली. रोज सरासरी साडेतीन तास या कागदी कामांत जात होते. दीड तास फोन आणि निरोप, एक तास दरपत्रके, पाऊण तास बिले व वसुली, पाव तास कागद. परंतु यातले सगळेच दुसऱ्याला देता येत नाही. कोणत्या डब्याला किती पत्रा लागेल आणि किती वाया जाईल हे त्यालाच कळते. फोनवरचे एक तासाचे काम, दरपत्रके नीट लिहून पाठविण्याचे पाव तास, बिले-वसुलीचा अर्धा तास आणि कागदांचा पाव तास, एवढेच देण्याजोगे निघाले. बेरीज दोन तास. आणि तो चार तासांचा माणूस ठेवायला निघाला होता!

आता मोकळ्या झालेल्या वेळाची किंमत. वाकवायच्या मशीनवर तो स्वतः उभा राहिला की वीज, पत्रा, घसारा जाऊन तासाला ३०० रुपये सुटतात. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर ५२ तास मोकळे, म्हणजे १५,६०० रुपये. इथे पुष्कळ जण हिशेब थांबवितात आणि फसतात. मोकळा तास विकला जाईल तेव्हा त्याचे पैसे. शेवटचे पान पाहा म्हटले, तर परत पाठविलेली कामे महिन्याच्या मानाने २६ तासांची भरत होती. म्हणजे खरा वाढावा ७,८०० रुपये. बाकीच्या २६ तासांत तो मुलांना वेळ देईल, झोप काढील, आम्हांला आनंदच आहे, पण त्यातून पगार निघत नाही.

दुसरी बाजू उधारीची. त्याचे सहा लाख रुपये बाजारात अडकलेले, म्हणजे तीन महिन्यांची विक्री. वसुलीचा फोन करायला त्याला वेळ नाही, आणि खरे बोलायचे तर भीड पडते. नियमित मागणी करून तीन महिन्यांचे दोन महिने झाले तर दोन लाख मोकळे होतात. कॅश क्रेडिटला १२ टक्के व्याज धरले तर महिन्याला २,००० रुपये वाचतात. दोन्ही मिळून ९,८००.

खर्चाच्या बाजूस चार तासांच्या माणसाला ९,००० पगार, कामासाठी स्वतंत्र नंबर व नेट ६००, दिवाळीला एक पगार धरला तर महिन्याला ७५०, म्हणजे १०,३५०. साडेपाचशेचा घाटा, आणि तोही वसुली मनासारखी झाली तर. दोन तासांचा माणूस ठेवला तर ४,५००, ६०० आणि ३७५, एकूण ५,४७५. वसुली अजिबात सुधारली नाही तरी महिन्याला १९ तास जादा काम मशीनवर निघाले की पगार सुटतो. हा १९ चा आकडा आम्ही त्याला गाळ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवायला सांगितला आहे.

परंतु दिवसाला दोन तासांसाठी चांगले माणूस टिकणार कसे? इथे आपला स्लिप बॉय आठवावा. शेजारच्या गाळ्यात प्लास्टिकच्या झाकणांचे काम चालते. त्यांचीही तीच रड. दोघांनी मिळून एक माणूस ठेवला. सकाळचे दोन तास पत्र्याचे, दुपारचे दोन झाकणांचे, नंबर वेगळे, पगार निम्मा-निम्मा. धंदे निराळे असले पाहिजेत ही एक अट. दोन डबेवाल्यांनी एकच कारकून ठेवला तर एकाचा दर दुसऱ्याला कळणार, मग भांडण ठरलेले.

माणूस कुठला, हे सांगायला आम्हांला विशेष समाधान वाटते. ती आपल्याच एका सभासदाची सून आहे. नाव देऊ नका म्हणाली, म्हणून देत नाही. बी. कॉम. झालेली, टॅली शिकलेली, तीन वर्षांचे मूल पदरात, आणि शहरात नोकरीला जाणे शक्य नाही. तिचे पडते ताशी सुमारे ८७ रुपये. आमच्या गावात खुरपणीला सहा तासांचे ३५० मिळतात, म्हणजे ताशी ५८. काही मंडळी म्हणाली, घरात बसून बोलायचे तर साठ रुपयांतही कोणी मिळेल. मिळेल, आणि दोन महिन्यांत सोडूनही जाईल. नवे माणूस शिकवायला भाच्याचा पहिला महिनाभर रोज एक तास गेला, म्हणजे ७,८०० रुपयांचे काम बुडाले. तो लागणीचा खर्च समजावा. नांगरट, सरी, बेणे हे सगळे लागणीला पडते आणि खोडवा त्यावर स्वस्तात येतो. दर तीन महिन्यांनी कारकून बदलणारा म्हणजे प्रत्येक वेळी खोडवा मोडून नव्याने लागण करणारा शेतकरी झाला.

पगार ठरल्या तारखेला गेला पाहिजे. म्हणून माणूस ठेवण्यापूर्वी तीन महिन्यांचा खर्च, म्हणजे साडेसोळा हजार, वेगळा काढून ठेवायला आम्ही सांगितले. एवढे वेगळे निघत नसतील तर त्या धंद्याला कारकून परवडत नाही, मग बाकीचा हिशेब कितीही गोड दिसो. आणि उचल द्यायची नाही. मोठी उचल घेऊन टोळी न आल्याचा अनुभव आपल्या भागात सांगायला नको.

त्याच लग्नात आणखी दोघे भेटले, त्यांना आम्ही वेगळी उत्तरे दिली. नालासोपाऱ्याला एक तरुण शिकवणीचा क्लास चालवितो. विद्यार्थी थोडे, दुपार सगळी रिकामी, आणि धंदा वाढावा म्हणून माणूस ठेवायचा विचार. त्याला स्पष्ट नको म्हटले. त्याच्याकडे वेळ आहे, मुले नाहीत. जमिनीत पालाश कमी असताना युरियाची पोती ओतून काय होणार? त्याने रिकाम्या दुपारी स्वतःच पालकांना फोन करावेत. जरा नाराज झाला, पण असो.

दुसरे आगाशीकडचे बागायतदार. राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात वाळवून जी सुकेळी करतात, ती ते पार्सलने पाठवितात. हे काम पाऊस उघडल्यावरचे. मागणी आली की रोज पन्नास निरोप, आणि पावसाळ्यात फोन मुका. त्यांना म्हटले, आपल्या कारखान्यात कायम कामगार असतात तसे हंगामी असतात. तुम्ही हंगामी ठेवा, आणि आधीच तसे सांगून ठेवा, म्हणजे तो माणूस आपली सोय पाहील. या गृहस्थांशी बोलताना कळले की वसईच्या जुन्या बागायतीत केळी आणि पानवेलीबरोबर ऊसही होता. इंग्रजी अमदानीत, एकोणिसाव्या शतकात, वसईच्या किल्ल्यात साखर काढण्याचाही उद्योग झाला. साखरेच्या माणसाला हे ऐकून किल्ला न पाहता परतणे जमले नाही. चिमाजी अप्पांनी १७३९ साली घेतलेला तो किल्ला, त्याच्या पडक्या भिंती, आणि आम्ही त्यांत चुलाणे शोधतो आहोत, हे पाहून भाच्याची मुले खूप हसली.

आता एक आक्षेप. शिकलेली मुले म्हणतात, माणूस कशाला, यंत्रच उत्तर देईल. खरे आहे थोडेसे. व्हॉट्सअॅपची धंद्यासाठीची आवृत्ती २०१८ साली निघाली, तीत आपोआप उत्तर जाण्याची सोय फुकट आहे. ती आधी वापरावी, एक पैसा खर्च करण्यापूर्वी. चॅटजीपीटी २०२२ च्या नोव्हेंबरात आले, तेव्हापासून पत्राचा मसुदा यंत्र बरा करून देते. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात तर उसाच्या पिकावरही ही कृत्रिम बुद्धी वापरून पाहत आहेत, त्याविषयी पुढे कधी लिहू. परंतु भाच्याचा अनुभव असा, की गिऱ्हाईक विचारते, "जाड पत्र्याचे सहा डबे गुरुवारपर्यंत होतील का?" आणि यंत्र सांगते, आपल्या संदेशाबद्दल आभारी आहोत. गिऱ्हाईक दुसऱ्या गाळ्यात जाते. आणि वसुली तर यंत्राचे काम मुळीच नाही. चौथ्यांदा फोन करताना आवाज कुठे चढवायचा आणि कुठे साहेब म्हणायचे, हे आपली ती सूनबाई दोन आठवड्यांत शिकली.

तिच्या हाती आम्ही एक हत्यारही दिले. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे, माल घेणाऱ्याने लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावयाचे असतात. पुढे गेले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून आयकरात अशी तरतूद आली की मुदतीत पैसे न दिल्यास घेणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी दाखविता येतो. त्यासाठी उत्पादकाची उद्यम नोंदणी हवी, भाच्याची होतीच, बिलावर नंबर छापलेला नव्हता. आता छापला. आपल्याला ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे १४ दिवसांत पैसे मिळायचे असतात हे सभासदांना पाठ आहे, त्यामुळे हा कायदा समजावून सांगायला वेळ लागला नाही. (१४ दिवसांविषयी अधिक लिहिले तर संपादक मंडळ कात्री लावील.)

पहिल्या महिन्यात एक घोटाळा झाला तोही सांगितला पाहिजे. तिने एका गिऱ्हाइकाला जुन्या दराने दरपत्रक पाठविले आणि २,३०० रुपयांचा फटका बसला. भाचा तापला. आम्ही विचारले, नवा दर तू तिला लेखी दिला होतास का? नव्हता. आमच्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी आम्ही एका नव्या स्लिप बॉयला तोंडी सूचना देऊन पाठविले होते आणि त्याने एका म्हाताऱ्या सभासदाची पूर्वहंगामी लागण सुरू म्हणून नोंदविली. तोड मागे गेली, ऊस तुऱ्यावर आला, आणि ते आजोबा रोज आमच्या टेबलासमोर येऊन नुसते बसत. काही बोलत नसत. त्यांचे वजन किती घटले असेल याचा आकडा आमच्याकडे आजही नाही, पण दोष त्या पोराचा नव्हता हे पक्के ठाऊक आहे. तेव्हापासून लेखी दिल्याशिवाय आम्ही कोणाला शिवारात पाठवीत नाही. भाच्याने आता दर सोमवारी दरांचा कागद पाठवायचे ठरविले आहे. ते २,३०० रुपये त्याने तिच्या पगारातून कापले नाहीत, हे त्याने बरे केले.

बँकेचा ओटीपी, पासवर्ड मात्र सुनेला काय, सख्ख्या भावालाही देऊ नये. जमा झालेले पैसे पाहण्यापुरते रोजचा उतारा पाठविला की काम भागते.

कोणी विचारील, वसईतच एखादा मुलगा गाळ्यावर का बसवीत नाही? त्याला खुर्ची, टेबल, चहा, आणि चार तासांसाठी विरारहून कोण येणार? पावसाळ्यात तर १० जुलै २०१८ सारखा दिवस उगवतो, नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी आणि लोकल बंद. आमच्या गावात पाणी तुंबत नाही. वीज जाते, ही गोष्ट वेगळी, त्यासाठी सूनबाईंनी बॅटरीवर चालणारी नेटची पेटी घेतली आहे. तिचे पैसे दोन्ही गाळ्यांनी मिळून दिले.

सध्या तिसरा महिना चालू आहे. भिंतीवरचा आकडा पहिल्या महिन्यात ११ तासांवर अडला होता, दुसऱ्यात २२ वर गेला. अडकलेल्या सहा लाखांतले ऐंशी हजार आले आहेत. एक मोठे गिऱ्हाईक अजून दाद देत नाही, त्याला लेखी पत्र गेले आहे.

ज्या सभासदांच्या मुला-मुलींना असा हिशेब करून पाहायचा असेल त्यांनी पंधरा दिवसांची वेळेची वही, शेवटच्या पानासह, घेऊन गुरुवारी दुपारनंतर गट कार्यालयात यावे. तसेच ज्यांच्या घरी हिशेबाचे, टॅलीचे शिक्षण घेतलेल्या सुना-मुली आहेत आणि अशा कामाची इच्छा आहे, त्यांनी आपल्या गटाच्या स्लिप बॉयकडे नावे द्यावीत. झाकणवाल्यांच्या पलीकडच्या गाळ्यातूनही परवा विचारणा आली आहे.

— ऊस विकास अधिकारी, शेती विभाग